मणक्यांचा दाहक संधिवात आणि मातृत्व: औषधे बंद करण्यापूर्वी

गर्भधारणेची चाहूल लागताच चालू असलेली सर्व औषधे बंद करण्याकडे बहुतेक घरांचा कल असतो. सर्दी-खोकल्याच्या गोळीबाबत ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. मात्र मणक्यांचा दाहक संधिवात असलेल्या स्त्रीने असा निर्णय परस्पर घेतला, तर तो तिला आणि बाळालाही महागात पडू शकतो. हा आजार गरोदरपणात आपोआप शांत होईल, असे गृहीत धरता येत नाही. त्यावरील काही औषधे नऊही महिने चालू ठेवता येतात, तर काही गर्भधारणेपूर्वीच थांबवावी लागतात. औषधांच्या एका गटाबाबत तर नवजात बाळाच्या लसीकरणाचे वेळापत्रकही बदलावे लागते.

हे निर्णय वेगवेगळ्या डॉक्टरांच्या हाती असल्याने त्यांची सांगड घालण्याचे काम अनेकदा त्या स्त्रीवरच येऊन पडते. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा अनुभव विशेष येतो. संधिवाताचे उपचार दक्षिण दिल्लीतील रुग्णालयात, प्रसूतिपूर्व तपासणी नोएडा किंवा गुरुग्राममधील घराजवळच्या दवाखान्यात आणि बाळंतपण महाराष्ट्रात माहेरी, अशी विभागणी तेथे सर्रास आढळते.

पाठदुखी, पण निराळी

'स्पॉण्डिलायटिस' हा शब्द आपल्याकडे मानेला पट्टा लावलेल्या कोणत्याही माणसाबद्दल वापरला जातो. वाढत्या वयात मणक्यांची झीज होऊन जो त्रास होतो त्याचे नाव 'स्पॉण्डिलोसिस' आहे. अँकिलोजिंग स्पॉण्डिलायटिस हा त्याहून अगदी वेगळा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. कण्याचा खालचा भाग आणि कटीची हाडे जिथे जुळतात त्या सांध्यांत प्रथम दाह निर्माण होतो. पुढे तो कण्यात वर सरकू शकतो, आणि अनेक वर्षांच्या दाहानंतर मणके एकमेकांना हाडाने सांधले जाऊन पाठ ताठ होऊ शकते. खुबा, टाच, गुडघा तसेच डोळ्याचा आतील भाग यांनाही त्याची झळ पोहोचते.

आजार साधारणपणे विशी-तिशीत, म्हणजे नेमका विवाहाच्या आणि अपत्यांच्या वयात सुरू होतो. दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते. विश्रांतीने ते वाढते आणि हालचालीने कमी होते. उत्तररात्री वेदनेने जाग येते, आणि सकाळी अंग मोकळे व्हायला अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. कष्टाने किंवा झिजेने होणारी कंबरदुखी याच्या नेमकी उलट वागते. ती पडून राहिल्याने थांबते.

या आजाराचा एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेशी असलेला घनिष्ठ संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिला. मात्र ही खूण असलेल्या बहुसंख्य लोकांना आजार कधीच होत नाही. केवळ रक्ततपासणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणून निदान करणे चूक आहे.

हा पुरुषांचा आजार आहे, अशी समजूत वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतही दीर्घकाळ होती. १९८४ च्या न्यूयॉर्क निकषांनुसार निदानासाठी क्ष-किरण चित्रात सांध्यांची हानी दिसणे आवश्यक होते. स्त्रियांमध्ये ही हानी अनेकदा उशिरा आणि कमी प्रमाणात दिसते. त्यामुळे वेदना असूनही त्या निदानाबाहेर राहत. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नवे निकष मांडले. त्यात एमआरआय चित्रातील दाहाला स्थान मिळाले आणि रुग्णांमधील स्त्रियांचे खरे प्रमाण पुढे येऊ लागले. तरीही स्त्रियांचे निदान पुरुषांपेक्षा उशिरा होते, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. 'बाईमाणसाची कंबर दुखायचीच' हे वाक्य त्यास किती कारणीभूत आहे, हे मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही.

दिल्लीत या शास्त्राची परंपरा जुनी आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजेच एम्समध्ये, डॉ. ए. एन. मालवीय यांनी संधिवातशास्त्राच्या सेवेचा पाया घातला. पुढे वसंत कुंज येथील इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटरमध्येही त्यांनी काम केले. आज एम्समध्ये संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे आणि सर गंगाराम रुग्णालयासह राजधानीतील मोठ्या रुग्णालयांत हे तज्ज्ञ उपलब्ध आहेत. देशाच्या बहुतेक जिल्ह्यांत अशी स्थिती नाही.

गरोदरपणात आजार शांत होतो का?

या प्रश्नामागे एक इतिहास आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये असे नोंदवले की, हातापायांचे लहान सांधे सुजवणारा आमवात गरोदरपणात पुष्कळदा ओसरतो. शरीरातील कोणता पदार्थ हा आराम देतो, याचा शोध घेता घेता ते कॉर्टिसोनपर्यंत पोहोचले. या कार्यासाठी १९५० मध्ये त्यांना एडवर्ड केंडल आणि ताडेउश राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे निरीक्षण इतके प्रसिद्ध झाले की, गरोदरपण म्हणजे प्रत्येक संधिवातावरील नैसर्गिक औषध, अशी समजूत रूढ झाली.

मणक्यांच्या आजाराला ही समजूत लागू पडत नाही. डॉ. मोनिका ओस्टेन्सेन यांनी १९८० च्या दशकापासून नॉर्वेत आणि नंतर अन्यत्र अशा स्त्रियांचा गरोदरपणात पाठपुरावा केला. बऱ्याच जणींचा आजार नऊ महिने जैसे थे राहतो, काहींचा दुसऱ्या तिमाहीत उसळतो आणि थोड्या जणींना आराम पडतो, असे या व पुढील अभ्यासांतून दिसून आले. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत आजार पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता मोठी असते. गर्भधारणेच्या वेळी आजार जितका धगधगता, तितका तो पुढेही त्रास देतो. त्यामुळे निदान तीन ते सहा महिने आजार आटोक्यात असताना, आणि गर्भारपणात चालू शकतील अशाच औषधांवर तो आटोक्यात असताना, गर्भधारणेचा विचार करावा, असा सल्ला तज्ज्ञ देतात.

दुखणे सहन केले म्हणजे बाळ सुरक्षित राहिले, हाही गैरसमज आहे. दाह तीव्र राहिल्यास अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढू शकतो. झोप न होणे, चालणे-फिरणे थांबणे आणि दुकानातून मिळेल ती वेदनाशामक गोळी घेणे हे परिणाम वेगळेच. आजार आटोक्यात असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची गर्भारपणे मात्र सुखरूप पार पडतात, आणि प्रजननक्षमतेवरही या आजाराचा सहसा मोठा परिणाम होत नाही.

गरोदरपणात आजाराची तीव्रता मोजणे अवघड असते. रक्तातील ईएसआर हा दर्शक निरोगी गर्भवतीतही वाढतो, त्यामुळे त्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही. क्ष-किरण टाळले जातात. आवश्यकता भासल्यास एमआरआय करता येतो, मात्र त्यासाठीचे गॅडोलिनियमयुक्त इंजेक्शन टाळतात. गर्भारपणातील नेहमीची कंबरदुखी आणि आजाराची वेदना यांतील फरक ओळखण्यासाठी रुग्णेची हकीकतच महत्त्वाची ठरते. वजन वाढल्याने होणारी कंबरदुखी दिवस कलताना वाढते. दाहाची वेदना पहाटे उठवते.

कोणते औषध चालते, कोणते नाही

या आजारावरील पहिले औषध म्हणजे दाहशामक वेदनानाशके. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक, इंडोमेथॅसिन ही त्यांतील परिचित नावे होत. ती काही स्त्रियांमध्ये बीजविमोचनात अडथळा आणू शकतात, म्हणून गर्भ राहण्यास विलंब होत असेल तर याचा विचार करावा लागतो. गर्भारपणाच्या पूर्वार्धात ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी दिली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये इशारा दिला की, २० व्या आठवड्यानंतर या औषधांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. शेवटच्या तिमाहीत तर ती टाळावीच लागतात, कारण गर्भाच्या हृदयाजवळील, जन्मानंतर मिटायची असलेली रक्तवाहिनी त्यांच्यामुळे वेळेआधीच आकसू शकते. आपल्याकडे या आजारात सर्रास दिले जाणारे एटोरिकॉक्सिब गर्भारपणात वापरू नये. प्रसूतितज्ज्ञ काही गर्भवतींना देतात ती ॲस्पिरिनची अल्प मात्रा मात्र वेगळ्या हेतूची असते. तिला वेदनाशामक समजून परस्पर बंद करू नये. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते, पण ते दाह कमी करत नाही.

सल्फासॅलझिन हे औषध गर्भारपणात चालू ठेवता येते. त्यासोबत फॉलिक ॲसिड पुरेशा मात्रेत घ्यावे लागते. हातापायांचे सांधे सुजत असतील तर ते उपयोगी पडते, कण्याच्या दाहावर त्याचा प्रभाव कमीच असतो. येथे पतीकडेही लक्ष द्यावे लागते. आजार पतीला असेल आणि तो हे औषध घेत असेल, तर शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटू शकते. औषध थांबवल्यावर ती पूर्ववत होते.

मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असून ते गर्भधारणेपूर्वी एक ते तीन महिने थांबवावे लागते. लेफ्लुनोमाइड शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, त्यामुळे ते बाहेर काढण्यासाठी वेगळे औषध द्यावे लागते. टोफासिटिनिब आणि त्याच्या जातीच्या गोळ्या भारतात स्वस्त झाल्यामुळे गेल्या काही वर्षांत त्यांचा वापर पुष्कळ वाढला आहे. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात त्या घेऊ नयेत. यांपैकी कोणतेही औषध चालू असताना अनपेक्षितपणे दिवस गेले, तर घाबरून जाऊ नये. औषध त्वरित थांबवून त्याच आठवड्यात तज्ज्ञांना भेटावे.

'संधिवातावर रामबाण' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबाबत एक सूचना अनाठायी ठरणार नाही. अशा पुड्यांत छुप्या रीतीने स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे डॉक्टरांना वेळोवेळी आढळले आहे. आराम लवकर पडतो तो त्यामुळेच. गर्भवतीने त्या पूर्णतः वर्ज्य कराव्यात.

टीएनएफ-रोधक औषधे आणि बाळाची बीसीजी

वेदनाशामकांनी आजार आवरत नसेल, तर जैविक औषधांची इंजेक्शने दिली जातात. टीएनएफ या दाहकारक द्रव्याला रोखणारी अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, इटानरसेप्ट, गोलिमुमॅब आणि सर्टोलिझुमॅब ही त्यांतील प्रमुख होत. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने अडालिमुमॅबची जगातील पहिली जैवसदृश आवृत्ती भारतात बाजारात आणली. त्यानंतर हे उपचार मध्यमवर्गाच्या काहीसे आवाक्यात आले. आज ही औषधे घेणाऱ्या अनेक स्त्रिया मातृत्वाच्या वयातील आहेत.

यांतील बहुतेक औषधे प्रतिपिंडांच्या स्वरूपाची आहेत. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे नेणारी एक नैसर्गिक व्यवस्था असते. ती दुसऱ्या तिमाहीत सुरू होऊन अखेरच्या तिमाहीत वेगाने चालते. बाळाला जंतुसंसर्गापासून संरक्षण देण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय औषधालाही वाट करून देते. परिणामी आईने शेवटच्या महिन्यांत अडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब घेतले असेल, तर ते जन्मानंतर काही महिने बाळाच्या रक्तात राहू शकते. सर्टोलिझुमॅबच्या रेणूत या वाहतुकीसाठी लागणारा भागच नाही, त्यामुळे ते वारेतून नगण्य प्रमाणात जाते. इटानरसेप्टचे प्रमाणही तुलनेने कमी असते.

या औषधांमुळे बाळात जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढते, असे आजवरच्या मोठ्या नोंदींतून दिसलेले नाही. युरोपच्या संधिवात संघटनेने २०१६ मध्ये अडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब २० व्या आठवड्यापर्यंत, तर इटानरसेप्ट ३० ते ३२ व्या आठवड्यापर्यंत देण्याचे सुचवले होते. पुढील सुधारित शिफारशींत मात्र गरज असल्यास टीएनएफ-रोधक औषधे संपूर्ण गर्भारपणात चालू ठेवण्यास संमती देण्यात आली. एका दशकाच्या आत सल्ला किती बदलला, हे यावरून दिसते. जुना कागद दाखवून 'तेव्हा असे सांगितले होते' म्हणण्यापेक्षा प्रत्येक गर्भारपणात नव्याने विचारणे इष्ट.

भारतीय मातांसाठी या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा लसीचा आहे. बीसीजी ही क्षयरोगप्रतिबंधक लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या जंतूंपासून बनते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमानुसार ती जन्मतःच दिली जाते, आणि प्रसूतिगृहात ती बहुधा घरी सोडण्यापूर्वीच टोचली जाते. क्षयाच्या जंतूंना रोखून धरण्यात टीएनएफचाच मोठा वाटा असतो. ज्या बाळाच्या रक्तात टीएनएफ-रोधक औषध शिल्लक आहे, त्याच्या शरीरात लसीतील दुर्बल जंतूही पसरू शकतात. ही केवळ तर्काची गोष्ट राहिलेली नाही. आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी संपूर्ण गर्भारपणात इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या एका मातेच्या बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी देण्यात आली. पुढे लसीतील जंतूंचा संसर्ग शरीरभर पसरून ते बाळ दगावले. ब्रिटनमधील डॉक्टरांनी ही घटना २०१० मध्ये प्रसिद्ध केली.

या घटनेनंतर जगभर घेतलेली खबरदारी साधी आहे. मातेने गर्भारपणाच्या उत्तरार्धात असे औषध घेतले असल्यास बाळाची बीसीजी साधारणपणे सहा महिने पुढे ढकलावी. आपल्या कार्यक्रमात ही लस एक वर्षापर्यंत देता येते, त्यामुळे ती चुकत नाही, फक्त लांबते. ती नंतर आठवणीने देणे तितकेच आवश्यक आहे, कारण जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. जन्मतः दिली जाणारी ब-प्रकारच्या काविळीची लस जिवंत जंतूंची नसल्याने ती वेळेवर द्यावी. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ व रोटाव्हायरसची लस जिवंत असते, तिच्याबाबत बालरोगतज्ज्ञांनी निर्णय घ्यावा.

प्रत्यक्षात अडचण येते ती माहितीच्या हस्तांतरणात. संधिवाततज्ज्ञाला हा धोका माहीत असतो, पण तो प्रसूतिकक्षात नसतो. पहाटे जन्मलेल्या बाळाला सकाळी लस देणाऱ्या परिचारिकेला आईच्या इंजेक्शनांची कल्पना असण्याचे कारण नाही. म्हणून ही नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर ठळक अक्षरांत करून घ्यावी आणि प्रसूतीसाठी दाखल होतानाच तोंडीही सांगावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या गर्भारपणाच्या कार्डावर लाल खूण लावली जाते. तेथेही हा आजार आणि औषध सांगावे.

आणखी एक बाब गर्भधारणेपूर्वीच उरकून घेण्याजोगी आहे. टीएनएफ-रोधक औषध सुरू करण्याआधी शरीरात सुप्त क्षय दडलेला नाही ना, याची छातीच्या क्ष-किरणासह तपासणी करावी लागते. गर्भारपणात हे सारे किचकट होते.

माहेरी जाताना

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत सुखाची आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. मात्र सातव्या-आठव्या महिन्यात दिल्लीहून नागपूर, नाशिक किंवा सांगलीकडे निघताना उपचारांचा धागा तुटता कामा नये. औषधांची नावे, मात्रा, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, एमआरआयचा अहवाल आणि संधिवाततज्ज्ञाचे प्रसूतितज्ज्ञाला उद्देशून लिहिलेले पत्र सोबत असावे. इंजेक्शने थंड पेटीतून न्यावी लागतात, ती गोठता कामा नयेत. रेल्वेच्या लांब प्रवासात खालचा बर्थ मिळवावा आणि जागेपणी तासा-दीड तासाने उठून डब्यात फेरी मारावी. या आजारात बसून राहणे हेच जास्त त्रासाचे असते.

माहेरच्या गावी पोहोचल्यावर पहिली भेट भूलतज्ज्ञाची घ्यावी, असे म्हणणे अनेकांना विचित्र वाटेल. परंतु त्यामागे कारण आहे. आजार जुना असेल आणि मणके हाडाने सांधले गेले असतील, तर पाठीतून भूल देण्यासाठी सुई घालणे कठीण जाते. मान ताठ झालेली असेल, तर पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड ठरते. आणीबाणीच्या सिझेरियनच्या वेळी मध्यरात्री हे लक्षात येण्यापेक्षा ३२ व्या ते ३४ व्या आठवड्यात तपासणी झालेली बरी. तरुण, अल्पकाळ आजारी असलेल्या बहुतेक स्त्रियांना अशी अडचण येत नाही.

कटीच्या सांध्यांचा दाह हे सिझेरियनचे कारण होऊ शकत नाही. बहुतेक जणींची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होऊ शकते. खुबे जखडलेले असतील किंवा बदललेले असतील, तर पाय किती फाकवता येतात हे पाहून निर्णय घेतला जातो.

सव्वा महिन्याची विश्रांती

बाळंतिणीने सव्वा महिना अंथरुण सोडू नये, ही परंपरा एरवी कष्टात पिचलेल्या स्त्रीसाठी मोठाच दिलासा होती. मणक्यांच्या दाहात मात्र सक्तीची निश्चलता हीच वेदना वाढवते. शेक-शेगडीची ऊब ताठरलेल्या पाठीला आराम देते, ती अवश्य घ्यावी. मात्र बंद खोलीतील धुराचा उपद्रव बाळाला होतो, तो टाळावा. हलके मालीश चालते. पाठीत गुडघा रोवून 'कडाकडा मोकळी' करण्याचा प्रकार थांबवावा, कारण जखडलेला कणा ठिसूळही असू शकतो. सैल विणलेल्या बाजेपेक्षा किंवा खोलगट गादीपेक्षा सपाट, थोडा टणक बिछाना बरा. डॉक्टरांच्या परवानगीने नैसर्गिक प्रसूतीनंतर लवकरच, आणि सिझेरियननंतर जखम भरू लागल्यावर, खोलीतल्या खोलीत चालणे, खोल श्वसन आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत. डिंकाच्या लाडवांना आणि आळिवाच्या खिरीला कोणतीही आडकाठी नाही.

पाजताना बाळाकडे वाकण्याऐवजी उशांच्या आधाराने बाळालाच छातीपर्यंत उचलून घ्यावे, किंवा कुशीवर झोपून पाजावे. लंगोट बदलण्यासाठी जमिनीवर वाकण्यापेक्षा कमरेएवढ्या उंचीचे टेबल सोयीचे पडते. या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी दिवसातून पंधरा-वीस वेळा घडतात.

आजाराची उसळी याच काळात येते, पण ती ओळखू येत नाही. रात्रीची जागरणे, टाके, थकवा यांच्या गर्दीत पहाटेची वेदना हरवून जाते. त्यामुळे प्रसूतीनंतर साधारण सहा आठवड्यांनी संधिवाततज्ज्ञांची भेट आधीच ठरवून ठेवावी. या वेळी एमआरआय काढला, तर त्याचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. पूर्ण निरोगी स्त्रीच्या कटीच्या सांध्यांतही प्रसूतीनंतर काही महिने दाहासारखे दिसणारे बदल आढळतात. त्यावरून नवे निदान करण्याची घाई योग्य नाही. मन सतत खिन्न राहत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. तो बाळंतिणीचा लहरीपणा नव्हे.

अंगावर पाजताना औषधे घेता येत नाहीत, हा समज बाळंतिणीला सर्वाधिक त्रास देतो. आयबुप्रोफेन स्तनपानात सुरक्षित मानले जाते. टीएनएफ-रोधक औषधे दुधात अत्यल्प उतरतात आणि जी उतरतात ती बाळाच्या पोटात पचून जातात. त्यामुळे संसर्ग नसेल आणि जखम भरत असेल, तर ती पुन्हा सुरू करता येतात. सल्फासॅलझिन पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या आईला चालते, कावीळ झालेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत आधी विचारावे. मेथोट्रेक्सेट मात्र या काळातही वर्ज्यच आहे.

राजधानीतील वास्तव्याशी संबंधित एक गोष्ट ड जीवनसत्त्वाची. एम्समधील संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिल्लीतील निरोगी लोकांमध्येही या जीवनसत्त्वाची पातळी कमी असल्याचे आढळले होते. बंद सदनिका आणि हिवाळ्यातील धुरके पाहता त्यात आश्चर्य नाही. या आजारात हाडे आधीच विरळ होण्याकडे कल असतो, शिवाय गर्भारपण आणि स्तनपान यांत कॅल्शियमची गरज वाढते. गर्भवतींना सरकारी केंद्रांतून मिणाऱ्या कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोह कमी शोषले जाते.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळते. आजार उसळण्याचा काळही साधारण तितकाच असल्याने ही सगळी रजा प्रसूतीपूर्वीच संपवू नये. कायद्यानुसार प्रसूतीपूर्वी त्यातील आठ आठवड्यांपर्यंतच रजा घेता येते.

डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना आणि अंधुक दिसू लागले, तर ते नुसते डोळे येणे समजू नये. या आजारात बुबुळाच्या आसपास दाह होतो आणि उपचारांस विलंब झाल्यास दृष्टीला धोका पोहोचतो. गर्भवती असो वा बाळंतीण, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. त्यावरील थेंब या काळातही देता येतात.

बाळालाही हा आजार होईल का, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. आईकडे एचएलए-बी२७ असल्यास ती खूण मुलाकडे जाण्याची शक्यता सर्वसाधारणपणे निम्मी असते. ती मिळालेल्या मुलांपैकीही बहुतेकांना आजार होत नाही. त्यामुळे जन्मताच बाळाची ही तपासणी करण्याचे कारण नाही. मूल वयात आल्यावर त्याची पाठ तीन महिन्यांहून अधिक काळ दुखू लागली आणि सकाळी ती आखडू लागली, तर डॉक्टरांना आईच्या आजाराची माहिती पहिल्याच भेटीत द्यावी.